मैनाबाईचा आवाज

बसस्थानकावर ती घोषणा करायची. आवाज इतका गोड की गाडीला उशीर असल्याची बातमीसुद्धा लोक मुकाट ऐकून घ्यायचे. सहकाऱ्यांनी तिचं नावच मैनाबाई ठेवलं होतं.

कामावरून सुटली की मैनाबाई व्यायामशाळेत वजनं उचलायची. स्पर्धेत पदक पुन्हा थोडक्यात हुकलं, तेव्हा प्रशिक्षक म्हणाला, "अगं, नुसता घाम गाळून काय होतंय? ताकदीची इंजेक्शनं घे. सगळेच घेतात."

कमरेवर सुया टोचून घेणं सुरू झालं. वजनं सरसर वाढली, पदकही मिळालं. चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या, पाळी थांबली, हनुवटीवर राठ केस उगवले. होईल सगळं ठीक, असं ती मनाला समजावत राहिली. मग घसा बसला. सर्दी समजून तिनं गुळण्या केल्या. एका रविवारी आईला फोन लावला, तर आई म्हणाली, "कोण तुम्ही? माझ्या मुलीचा फोन तुमच्याकडे कसा?"

"आई, मीच आहे गं."

दुसऱ्याच दिवशी तिनं दवाखाना गाठला.

रक्तदाब वाढलेला, लिव्हर बिघडलेलं, कोलेस्टेरॉल भलतंच. "त्या इंजेक्शनांत पुरुषांचं हार्मोन आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बंद केलंत तर बाकीचं बरंचसं सावरेल. आवाज मात्र बहुधा असाच राहील."

"बहुधा?"

"खोटी आशा कशाला लावू तुम्हाला?"

घोषणांचं काम काढून स्थानकाच्या साहेबांनी तिला पार्सलच्या खिडकीवर बसवलं. सुरुवातीला ती खुणांवरच भागवायची. कुणी "अहो दादा" म्हटलं की कानशिलं तापायची. पुढे मात्र "दादा नाही, ताई! बोला, काय पाठवायचंय?" असं हसत सुनावू लागली.

परवा तिच्याबरोबर सराव करणारी मैत्रीण खिडकीशी आली. "प्रशिक्षक मलाही इंजेक्शनं घे म्हणतोय. तुला ताकद आली होती ना?"

"आली की. बंद केल्यावर निम्मी गेलीही."

मग तिनं पाळीपासून लिव्हरपर्यंत सगळं सांगितलं. मैत्रीण मान डोलावत होती, पण डोळे घड्याळाकडे. सरावाची वेळ झाली होती.

मैनाबाईनं शेजारच्या कारकुनाला खिडकी सांभाळायला सांगितली आणि चपला पायांत सरकवल्या.

"तू कुठे निघालीस?"

"तुझ्याबरोबर. त्या प्रशिक्षकाशी मीच बोलते."