टाचणीबाईंचा गोल

शाळेत शिवण शिकवणाऱ्या बाईंना मुलं टाचणीबाई म्हणत, कारण बोलताना त्यांच्या ओठांत एखादी तरी टाचणी असायचीच. हे नाव पाडणारी मुलं पुढे स्वतः बाप झाली, तरी नाव काही पुसलं गेलं नाही.

वर्ष संपत आलं की शाळेत शिक्षक विरुद्ध विद्यार्थी असा फुटबॉलचा सामना व्हायचा. शिक्षकांची हौस दांडगी, दम मात्र यथातथाच. मैदानात उतरण्याआधी सगळे आपापला चष्मा टाचणीबाईंच्या हवाली करायचे. त्यासाठी बाईंनी जुन्या पडद्याची कप्प्याकप्प्यांची पिशवी शिवली होती. ती मांडीवर घेऊन त्या बाकावर बसून राहायच्या. तुम्हीही या खेळायला, असं त्यांना कधी कुणी म्हणालं नाही. आणि बाईंना तर खेळायचंच होतं! पण हे सांगायचं कुणाला? लोक फिदीफिदी हसले असते.

लहानपणी त्या मोठ्या भावाबरोबर गल्लीत खेळत. घराचं पत्र्याचं फाटक हाच गोल, तोही एकुलता एक, आणि त्यापुढे दादा उभा. चेंडू फाटकावर आदळला की असा दणका व्हायचा की आई हातातलं काम टाकून बाहेर यायची. "उजव्याने नुसतं ढकलतेस तू. डाव्याने मार!" दादा ओरडायचा. पुढे मुलगी अंगाने वाढू लागली तशी आईने एक दिवस चेंडू काढून घेतला आणि हातात सुई दिली. "पुरे झाला धिंगाणा," ती म्हणाली. त्या सुईनेच पुढे बाईंचं पोट भरलं, हे खरं. पण तो चेंडू मनातून गेला नाही तो नाहीच.

बाईंच्या निवृत्तीच्या वर्षी सामना बरोबरीत चालला होता. मध्यंतर होऊन गेलं आणि विज्ञानाच्या सरांच्या पोटरीत गोळा आला. कण्हत, लंगडत ते बाकापाशी आले. बदली खेळायला कुणीच उरलं नव्हतं.

"मी जाते," टाचणीबाई म्हणाल्या.

"तुम्ही? अहो बाई, पडाल!"

"पडले तर उठेन. तुम्ही पाय चोळत बसा."

चष्म्यांची पिशवी कुणाच्या भरवशावर ठेवणार? ती त्यांनी तशीच कमरेला बांधली आणि निघाल्या.

चेंडू पायाशी आला मात्र, बाईंचं वय कुठल्या कुठे पळालं. समोर गोल दिसत होता. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. गल्लीत फाटकच एक, तिथे बाजू बदलणार कुठून? बाई उलट्या दिशेने सुटलेल्या बघून मुलं त्यांना अडवायचंही विसरली. गोलात मोठे सर, म्हणजे मुख्याध्यापक, उभे होते आणि त्यांचा चष्मा बाईंच्या कमरेला. कोण येतंय हे त्यांना उमगेपर्यंत बाईंनी डाव्या पायाने चेंडू असा हाणला की तो थेट जाळीत जाऊन बसला.



"बाई," मोठे सर डोळे बारीक करून म्हणाले, "हा आपलाच गोल हो!"

बाईंनी कपाळाला हात लावला. शिक्षक त्या एका गोलाने हरले. विज्ञानाचे सर पोटरी चोळत "घरभेदी, घरभेदी" असं पुटपुटत राहिले. मुलांनी मात्र बाईंना एका खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून मैदानभर मिरवलं, आणि पिशवीतले चष्मे खुळखुळत राहिले.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी आधी दादाला फोन लावला. दादा आता दूर, मुलाकडे राहतो. गुडघ्यांनी त्याची साथ केव्हाच सोडली आहे.

"दादा, मी आज गोल केला. आपल्याच गोलात, पण केला."

"ते मरू दे. कुठल्या पायाने?"

"डाव्या."



"जोरात बसला?" दादाने विचारलं.

"आई बाहेर आली असती, इतका," बाई म्हणाल्या आणि त्यांना रडूच कोसळलं.