दवाखान्याच्या दारावर उभी बाई

एमबीएच्या अर्जात एक प्रश्न हमखास असतो: पंधरा वर्षांनी तुम्ही कुठे असाल? अर्जाची तयारी करून घेणाऱ्या माझ्या क्लासमधल्या सगळ्यांनी कन्सल्टिंग, फिनटेक, फार तर स्वतःचं स्टार्टअप असं लिहिलं होतं. मी लिहिलं, दवाखान्यांच्या दारावर उभ्या राहणाऱ्या बायकांची कंपनी काढायची आहे. महिला बाउन्सर. पेशंट दगावला की नातेवाईक डॉक्टरांच्या अंगावर धावून जातात, तेव्हा मध्ये ज्या उभ्या राहतात त्या.

क्लासचे सर अस्सल पुणेरी. "वा," ते म्हणाले, "म्हणजे दोन वर्षं शिकून दारात उभं राहायचं. मग आत्ताच राहा की, वेळ वाचेल."

वर्ग हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढ्यातली स्टीलची बाटली उचलली आणि भिंतीवर हाणली. पोपडा उडाला. "माझी आई उभी राहते!" मी ओरडले. "अकरा वर्षं!"

सरांनी बाटली उचलून माझ्या बाकावर ठेवली. "मग हे लिहा ना. भिंतीला कशाला सांगताय?"

लिहिलं. आई पुण्याजवळच्या मांजरीहून दोन बस बदलून शहरातल्या एका दवाखान्यात ड्युटीला जाते. एकदा तिथं अपघातातला एक तरुण आणल्या आणल्या गेला आणि तासाभरात दारात पन्नासेक माणसं जमली. या बायकांना एकच गोष्ट शिकवलेली असते: हात उचलायचा नाही. कोपरात कोपर अडकवून साखळी करायची, मान खाली घालायची आणि पोलीस येईपर्यंत मार खायचा. आईच्या अंगावर कुंडी फेकली. दोन बोटं मोडली. कुणीतरी केस धरून तिचं डोकं काचेच्या दारावर आपटलं, ओठ फाटला. आठ दिवस ती पातळ भात गिळत होती आणि त्या माणसांचे गळे दाबायला माझे हात शिवशिवत होते.

एका रविवारी दुपारी मी तिला निबंध वाचून दाखवला. इंग्रजीतला मजकूर मराठी करून सांगत होते. ती लसूण सोलत होती. "आणि इतकं होऊनही माझ्या आईनं एकदाही हात उचलला नाही," असं म्हणाले आणि फाडकन माझ्या कानाखाली बसली.

"खोटं हाय ते," आई म्हणाली. "मी मारलंय."

"कुणाला?"

"मेलेल्याच्या बायकोला."

पोलिसांनी गर्दी मागे रेटल्यावर ती बाई एकटीच पायऱ्या चढून आली होती. भांडायला नव्हे. मला एकदा बघू द्या, म्हणत तिनं आईचा हात धरला, नेमका मोडका. "बाप्यांना मारता आलं न्हाई गं," आई म्हणाली. "ही हाताशी आली. मुस्काटात दिली, छातीत बुक्की घातली. पायऱ्यांवरनं गडगडत खाली गेली. उठली आणि मला म्हणती, चुकलं ताई."

माझा गाल हुळहुळत होता. मी म्हणाले, तेवढं वाक्य काढून टाकते. तशी ती उसळलीच. "काढतीस कशाला? लिहायचं तर हेच लिही. न्हाईतर माझं काहीच लिहू नको!"

सरांनी वाचलं. "हे वाचून प्रवेश देणार नाहीत तुम्हाला," म्हणाले, "पण काढू नका." मग मी पुढचंही बदललं. माझ्या कंपनीत मार खाल्लेल्या बाईला त्याच मिनिटाला दारावरून हलवतील, म्हणजे तिचा राग तिच्याहून दुबळ्यावर निघणार नाही, असं लिहिलं.

मुलाखत घरूनच द्यायची होती, लॅपटॉपवर. आमचं घर दोन खोल्यांचं. आई स्वयंपाकघरात भांडी घासत होती. पडद्यावर पलीकडे तिघे बसले होते. अर्धा तास इंग्रजीत सगळं नीट चाललं. मग त्यांतल्या वयस्कर मॅडम एकदम मराठीत आल्या. "त्या बाईवर हात उचलणाऱ्या आईंना तुमच्या कंपनीत दारावर ठेवाल का?"

हो म्हणणं किती सोपं होतं! पण खरं बोलायचं म्हणूनच तर इथवर आले होते ना?

"नाही," मी म्हणाले.

आतला भांड्यांचा आवाज थांबला. पुढं काय विचारलं, मी काय सांगितलं, देवाशप्पथ आठवत नाही. लॅपटॉप मिटून आत गेले. ती ओट्याकडे तोंड करून उभी होती. "आई," म्हटलं. "जेवून घे," ती म्हणाली. मला स्वतःचंच थोबाड फोडावंसं वाटलं.

प्रवेश मिळाला. त्या एका 'नाही'वर मिळाला असं मला आजही वाटतं, आणि त्याची शरम वाटते. आईनं पेढे नेऊन ड्युटीवर वाटले. संध्याकाळी तिच्याबरोबरच्या एका मावशींचा अभिनंदनाचा फोन आला. आई शेजारीच कपड्यांच्या घड्या घालत होती.

"नशीब काढलं गं तुझ्या आईनं," मावशी म्हणाल्या. "सांगत होती, पोरगी कंपनी काढणार आणि पहिली मलाच घेणार. खरंय का?"

आईनं घडी घालायची थांबवली.

"हो मावशी," मी म्हणाले. "पहिली तिलाच."