डाव्या कानामागची उशी

आमच्या तपासणीच्या खोलीत आल्या आल्या शिलाई मावशी आधी खुर्ची पुसायच्या. साठीला टेकलेल्या बाई, आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा पायमशीन विकलं आणि आमच्याकडे लागल्या. काम एकच, कंपनीचा नवा व्हीआरचा हेडसेट डोक्याला बांधून चार तास बसायचं. दर अर्ध्या तासाने मी विचारायचो, "मावशी, त्रास किती? शून्य ते दहा."

"दोन," त्या म्हणायच्या. सकाळी दोन, दुपारीही दोन. त्यांच्या आधीच्या माणसाने एकदा आठ सांगितलं होतं, त्याला पुन्हा कधी बोलावणं गेलं नाही. मावशींना हे कुणी सांगितलं नव्हतं. पण काम जायची धास्ती असली की माणसाचे कान तिखट होतात.

तिसऱ्या दिवशी पट्टा सोडताना मला ती दिसली. डाव्या कानामागे, बक्कलाखाली, बोटाएवढी उशी. जुन्या मऊ कापडाची, बारीक टाक्यांची, रंगही पट्ट्याचाच. मावशी ओशाळल्या.

"लिहिणार का रे?"

"काय लिहायचं? मला काही दिसलंच नाही."

वर स्वतःलाच शाबासकी दिली की एका बाईचं काम वाचवलं. वाचवत होतो मी स्वतःला. अहवालात सगळीकडे दोन होते, साहेब खूश होते आणि माझ्या बढतीचा कागद त्यांच्या टेबलावर होता.

हेडसेट बाजारात गेला, अर्थात उशीशिवाय. दोन महिन्यांत तक्रारींचा ढीग लागला. तासाभरात कळा येतात, दोन तासांत डोकं धरून बसावं लागतं. साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं.

मावशींनी पिशवीतून उशी काढून टेबलावर ठेवली. "ही लावून दोनच होतं, साहेब. ते खोटं नव्हतं." मग माझ्याकडे नुसतं पाहिलं. बोट दाखवलं नाही.

"मला कल्पना नव्हती," मी म्हणालो.

किती सहज म्हणालो, त्याची अजून लाज वाटते. साहेबांना पटलं. मावशींचं काम गेलं.

जाण्याआधी त्या खोलीत आल्या, सवयीने खुर्ची पुसली आणि उशी माझ्या हातात दिली. "नवीन माणूस मिळेपर्यंत तुलाच बसवणार म्हणे. ही असू दे. डाव्या कानामागे लाव, बक्कल तिथेच रुततं. मला कुणी जागा विचारलीच नाही रे, आकडाच विचारला." त्यात टोमणा नव्हता. असता तर सोसला असता.

मग हेडसेटची दुरुस्ती झाली. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, नाकापाशी स्पंज जाड केला. बक्कल होतं तिथेच राहिलं. उशी कुठे लावायची ते साहेबांनी मावशींना विचारलंच नव्हतं, त्यामुळे खरी जागा सगळ्या कंपनीत मला एकट्याला ठाऊक होती. पण सांगणार कुठल्या तोंडाने? मला तर कल्पनाच नव्हती ना.

काल त्या खुर्चीत मी बसलो. पाऊण तासात कानामागून कळ निघाली ती थेट दाताच्या मुळापर्यंत. मावशी चार-चार तास बसायच्या, आणि उशी शिवण्याआधीचे दोन दिवस तर नुसत्याच. साहेब फोन घ्यायला बाहेर गेले तेवढ्यात मी खिशातली उशी काढून बक्कलाखाली सरकवली. अगदी बरोबर बसली.

साहेब परत आले. "हं, त्रास किती?"

"दोन," मी म्हणालो.