शरमुल्यासाठी चामराजपेट ते दंडू

कँटोन्मेंटला, साहेबांच्या छावणीला, आम्ही इथं कानडीत दंडू म्हणतो. तिथं मी गेले ती फिरायला नाही, दिराच्या तोंडाला चव यावी म्हणून. टायफॉइड गेला, पण माणूस नुसता बसून. एरवी आमटीत मीठ कमी तर ताट सरकवणारे आमचे भाऊजी. आता पेज दिली तरी "सरी, वैनी", म्हणजे बरं, काढा दिला तरी "सरी, वैनी", आणि दोन घासांत भिंतीकडे तोंड. एकदाच म्हणाले, "लढाईत ट्युनिसला मासळी खाल्ली होती. हिरवा मसाला लावलेली. शरमुला म्हणायचे." मसाल्यात काय काय ते वदवून घेतलं आणि सकाळीच निघाले.

तुम्हाला जायचं तर मार्केटपर्यंत चालत जा, बसची वाट बघू नका. तिथून दंडूची बस मिळते. उन्हं चढायच्या आत पोचा; मासळी बर्फातून येते, दुपारी तिच्यात राम नसतो. पिशवी घरून न्या.

साध्या कोथिंबिरीबरोबर इंग्लिश कोथिंबीर, म्हणजे पार्स्ली, हवी होती. साहेबांच्या भाज्या विकणारा म्हणाला, "अक्का, ह्याची चटणी नाही होत."

"तू दे, अण्णा. दीर आजारी आहे, त्याला हवीय."

त्यानं मूठभर जास्त घातली.

ऑलिव्ह तेल वाण्याकडे शोधू नका. औषधांच्या दुकानात मिळतं, अंगाला चोळायच्या बाटलीत. कॉफी कुठंही बरी. इडली खाऊ नका, दगड.

घरी पाट्यावर दोन्ही पाले, लसूण, जिरं, ब्याडगी मिरची, मीठ वाटलं, लिंबू पिळलं. तेल म्हटलं की माझ्या हाताला एकच ठाऊक. तापवलं, जिरं तडतडवलं, वर ओतलं. पाला काळवंडला. तसाच निम्म्या सुरमईला चोळला, मुरल्यावर तळली.

भाऊजी एका घासावर थांबले.

"वैनी, फोडणी दिलीत?"

"दिली. मग?"

"शरमुल्याला फोडणी? अहो, सगळं कच्चं असतं, तेलसुद्धा! सत्यानाश केलात!"

ताट सरकवलं. भिंत धरत स्वयंपाकघरात आले. पथ्याचं खारातलं लिंबू रोज नको म्हणायचे, त्याचीच बरणी काढली. "ह्याची साल पाहिजे त्यात." पाट्यासमोर बसले. "पाला उरलाय?"

ती जास्तीची मूठ होती.

उरलेली सुरमई त्यांनीच चोळली, आणि खाल्लीही.

मला विचाराल तर शरमुला काही खास नाही. हाताचा लसणाचा वास जाता जात नाही. पण संध्याकाळी आमटीचा भुरका मारून भाऊजी म्हणाले, "मीठ कमी आहे."

म्हटलं, "उठून घ्या."

घेतलं.