खंडेनवमीचा समेट

चाकणच्या ज्या वर्कशॉपमध्ये माझे पप्पा ड्रिल मशीन चालवत आलेत, तिथं खंडेनवमीला कामगारांच्या घरच्यांनाही बोलावतात. त्या दिवशी काम बंद असतं. प्रत्येक ऑपरेटर आपली मशीन पुसतो, झेंडूचा हार घालतो, हळदकुंकू लावतो. ज्याची मशीन त्याचीच पूजा, असा तिथला रिवाज. आम्ही बौद्ध. घरी पूजा करत नाही, पण पप्पा मशीनला हार घालतात. "जी खाऊ घालते तिला फूल वाहिलं तर काय बिघडतं," म्हणतात.

पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनवरचे चाचाही हार घालायचे. ते मुसलमान, लातूरकडचे, पप्पांच्याच तालुक्यातले. दोघांनी एकाच वर्कशॉपमध्ये केस पांढरे केले.

यंदा नवरात्राच्या आधी आमच्या वस्तीजवळ एका मिरवणुकीवर दगडफेक झाली. कोणी केली ते मला अजून नीट माहीत नाही. खात्रीनं सांगणारे खूप भेटले, पण त्यांतलं कुणी तिथं नव्हतं. चाचा तर तेव्हा सेकंड शिफ्टला प्रेसवर उभे होते. तरी कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून त्यांना काढलं. ते जेवायला बसले की बाकीचे डबे उचलून पलीकडे जायचे. सुपरवायझर तिथल्याच गावचा. जाता-येता म्हणायचा, "काय चाचा, आज डब्यात भाजी हाय का दगडं?" सगळे हसायचे. सुरुवातीला चाचाही हसायचे, असं पप्पांनी सांगितलं.

मी राज्यशास्त्र शिकते. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे पुस्तकातलं मला जरा जास्तच खरं वाटतं. त्यात होतं की वेगवेगळ्या समाजांची माणसं रोज एकत्र काम करत असली, तर भडका उडाला तरी तिथं शांतता लवकर येते. मालकांनाही तसंच वाटत असावं. त्यांनी चाचांना आणि सुपरवायझरला केबिनमध्ये बोलावून हात मिळवायला लावले. "चाचा दरवर्षीसारखी पूजा करतील. विषय संपला," म्हणाले.

खंडेनवमीला मी पप्पांसोबत गेले तेव्हा चाचा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांनी मशीन चकचकीत पुसली, विजेच्या पॅनेलचं दार उघडून आतली धूळही फुंकली. मालकांनी नारळ फोडला. मग चाचा आणि सुपरवायझर यांना खांद्यावर हात टाकायला लावून फोटो काढला आणि मालक जेवायला घरी गेले.

त्यांची गाडी गेटबाहेर पडली तसा सुपरवायझर बादली घेऊन आला. पाण्यात गोमूत्र टाकलेलं होतं.

"झाला न्हवं फोटू? सरका बाजूला, चाचा. मशीन शुद्ध करून घिऊ."

"अरे बाबा, रोज मीच हात लावतो की हिला."

"रोज तिच्यात देव नसतो."

बायका पदराआड हसल्या. त्यानं बादली वर उचलली तसे चाचा पुढं झाले. "पॅनेलवर नको रे, दार उघडंय, आत करंट…"

"करंट तुमच्यात हाय, चाचा."

पाणी वरून खालपर्यंत ओतलं. कुंकू वाहत जमिनीवर आलं. चाचा हातातल्या फडक्याची घडी घालत उभे राहिले.

परत येताना गाडीवर मी पप्पांना म्हटलं, मालकांना सांगू या. पप्पांनी गाडी कडेला घेतली. मग म्हणाले, "हात लागला म्हणून धुणं आपल्याला नवं हाय का? माझ्या आज्यानं आयुष्यभर बघितलं. आज मीबी हार घातला, पण माझी मशीन कुणी धुतली न्हाई. हे बघितलंस ना? मग गप बस."

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर चाचांनी प्रेस चालू केली आणि पॅनेलमधून धूर निघाला. मालकांनी विचारलं तेव्हा सुपरवायझर म्हणाला, "पूजा चाचांनीच केलती. शेवटचा हात त्यांचाच." सगळ्यांनी माना खाली घातल्या. चाचा पप्पांकडे वळले. "तू व्हतास ना तिथं? पोरगीबी व्हती. सांग की."

"मी हार घालत व्हतो," पप्पा म्हणाले. "मला दिसलं न्हाई."

मालकांना कळलं असावं असं मला वाटतं, कारण पप्पा म्हणतात, जमिनीवर कुंकवाचा ओघळ तसाच होता. पण ते म्हणाले, "मला इथं शांतता पाहिजे." चाचांना त्याच दिवशी घरी पाठवलं.

तेव्हापासून तिथं एकही भांडण झालेलं नाही. आज कोणी अभ्यासासाठी पाहणी करायला आलं, तर इथं तणाव नाही असंच लिहील, आणि ते खोटंही नसेल.

दुरुस्त झालेली प्रेस पप्पांना दिली. मागच्या आठवड्यात चाचा त्यांचा राहिलेला डबा न्यायला आले होते. त्यांना आत येऊ दिलं नाही. पप्पांनी गेटच्या जाळीवरून डबा दिला. डबा घेताना चाचांनी एवढंच विचारलं, "मशीन चालती का?"

जेवताना पप्पा हे सांगत होते. आईनं विचारलं, "मग तुम्ही काय म्हणलात?"

"चालती म्हणलो," पप्पा म्हणाले. "चालतीच की."