बाई तसं म्हणाल्याच नव्हत्या

बँकेत टोकनच्या यंत्रासमोर उभी राहिले की माझे हात आखडतात. मागची माणसं चुळबूळ करायला लागली की मी बाजूला होते आणि मनात म्हणते, तुझं डोकं चालत नाही. मुलीनं मोबाईल शिकवायला घेतला तरी तेच. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मागच्या खुर्चीवर बसलेली असते, बोलावंसं वाटत असतं, शब्द घशापर्यंत येतात आणि मी ते गिळते. डोकं चालत नाही, तर तोंड कशाला चालवायचं?

हे वाक्य मला कुणी दिलं ते नीट आठवतं. त्या आठवणीवर माझी माया होती, हेच आता सहन होत नाही.

वारजे तेव्हा गाव होतं. आमचं शेत होतं, म्हशी होत्या, आणि घरात रांगणारा भाऊ होता. मी चौथीत होते, ताई सातवीत. परीक्षा झाल्यावर एकदा ताई मला गोठ्यामागे घेऊन गेली. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. म्हणाली, "बाईंनी मला बोलावलं होतं. म्हणाल्या, तुझ्या बहिणीचं डोकं चालत नाही, तिला पुढं पाठवू नका. तू वाईट वाटून घेऊ नकोस. मी तुझ्या वाटचंही शिकेन." तिचेही डोळे भरले होते. मला वाटलं, किती जपून सांगितलं हिनं. शाळा उघडली तेव्हा ती दप्तर घेऊन गेली आणि मी भावाला कडेवर घेऊन म्हशींमागे.

ताई शिकली, शिक्षिका झाली, सदाशिव पेठेत तिचा संसार झाला. माझ्या घरातलं सगळं तिला विचारून व्हायचं. मुलीला कुठल्या शाळेत घालायचं, कुठला फ्लॅट घ्यायचा, कुणाकडे आहेर काय न्यायचा. आमचे हेसुद्धा म्हणायचे, "ताईंना विचारलंस का? मग झालं." मला त्यात कमीपणा वाटत नव्हता. डोकं तिचं आणि हात माझे, अशी आमची वाटणी होती.

यंदा माझ्या मुलीसाठी स्थळ तिनंच आणलं. मुलगा हिंजवडीत नोकरीला, घरचे चांगले, मागणं काही नाही. बघण्याचा कार्यक्रम ताईच्याच घरी झाला. मुलगा दिसायला नीटनेटका होता आणि बोलायला मोकळा. पण तो मुलीला प्रश्न विचारायचा आणि उत्तरही स्वतःच द्यायचा. "तुम्हाला फिरायला आवडतं? आवडतच असेल." "नोकरी सोडायला काही अडचण नाही ना? नसणारच." सगळे हसले. त्याची आई कौतुकानं म्हणाली, "आमचा बोलघेवडा आहे हो." मी पोहे वाढत होते. मला मात्र हसू आलं नाही.

माझी मुलगी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. संध्याकाळी दार उघडायच्या आधीपासून तिचं बोलणं सुरू होतं. कोण पेशंट रडला, कुणी खुर्चीतून पळ काढला, सगळं चपला काढता काढता सांगते. त्या कार्यक्रमानंतर ती घरी येऊन मुकाट्यानं हात धुवायला लागली. मी ताईला फोनवर म्हटलं, "मला जरा बरं वाटत नाहीये गं."

"ॲसिडिटी असेल. जिरे घालून पाणी पी."

"स्थळाबद्दल म्हणतेय."

"तुला त्यातलं काय कळतंय? मी चौकशी केलीय सगळी. रविवारी सुपारी फोडू."

सुपारी फोडली की लग्न ठरलं. त्यानंतर मुलीकडच्यांनी नाही म्हटलं तर बोट मुलीकडेच जातं. म्हणून मी मुलीला विचारलं, "तुला मनापासून पसंत आहे ना?" ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "मावशी म्हणतेय ना. मला काय कळतंय?"

माझंच वाक्य तिच्या तोंडून आलं. शिकलेली, कमावती पोर माझी. तिला तर कुठल्या बाईंनी काही सांगितलं नव्हतं. तरीही मी गप्प राहिले, कारण ताईचं चुकत नसतं हे मला पाठ होतं.

सुपारीसाठी करंज्या करायच्या होत्या. हाताशी असावी म्हणून आत्या आली, माझ्या वडिलांची बहीण. ती अजून जुन्या गावठाणातच राहते. पाऱ्या लाटता लाटता तिनं माझ्या मुलीकडं बघितलं आणि हसली.

"ही पोरगी तुझ्यावानी हाय. तूबी अशीच हुशार व्हतीस."

"मी कसली हुशार. माझं डोकं चालत नव्हतं म्हणून तर शाळा सुटली."

"कोण म्हणलं?"

"बाईच म्हणाल्या होत्या."

आत्यानं लाटणं थांबवलं. "अगं, त्या बाई घरी आल्या व्हत्या. मी व्हते की तिथं. वैनीला म्हणल्या, धाकटीची शाळा सोडवू नका, तिला गणित चांगलं येतंय. वैनी म्हणली, म्हशी कोण बघंल, तान्ह्याला कोण धरंल, एकीला घरी ऱ्हावंच लागंल. थोरलीनं रडून गोंधळ घातला, मला शाळा सोडायची न्हाई म्हणून. मग म्हणली, धाकटीला मी समजावते." तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. "तुला म्हाईत न्हाई व्हय? मला वाटलं इतक्या वर्षांत बोलला असाल दोघी."

कढईतली करंजी करपली. आत्या म्हणाली, "काढ की ती." मी काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पीएमटीच्या बसनं ताईकडे गेले. तिला न विचारता जायची माझी ही पहिलीच वेळ. ती मटार सोलत बसली होती.

"आज वाट चुकलीस का?"

"बाई माझ्याबद्दल काय म्हणाल्या होत्या गं, खरं खरं?"

तिला कुठल्या बाई ते विचारावं लागलं नाही. शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "आत्याला काही काम नाही का?"

"काय म्हणाल्या होत्या?"

"मग काय करायला हवं होतं? आईनं ठरवलं होतं एकीला ठेवायचं. मी ठरवलं नव्हतं."

"ते कळलं मला. आईनं मला सांगितलं असतं, म्हशी आहेत, घरी राहा, तर मी राहिले असते. रडले असते आणि राहिले असते. पण माझं डोकं चालत नाही, असं कशाला सांगितलंस?"

"तू रडू नयेस म्हणून. शाळेकडे बघून झुरू नयेस. मीही लहान होते."

"आणि नंतर? मोठी झाल्यावर?"

तिनं पुढची शेंग उचलली. लहानपणीचं मी कदाचित पोटात घातलं असतं. पण ती मोठी झाली, वर्गावर उभी राहिली, दुसऱ्यांच्या मुलींना हुशार म्हणाली, आणि दर दिवाळीला माझ्या हातच्या करंज्या खाताना तिला ते ठाऊक होतं. एकदा सांगितलं असतं तर तिचं काय गेलं असतं, हे मला अजून कळत नाही. बहुतेक माझं तिला सगळं विचारणं गेलं असतं.

मी म्हटलं, "रविवारी सुपारी नको."

"हे काय नवीन? त्या लोकांना काय सांगू मी? माझ्या बहिणीच्या पोटात गोळा आलाय म्हणून?"

"तू नको सांगू. मी सांगते."

"तू? तुला दूधवाल्याशी बोलता येत नाही."

खरं होतं ते. डोक्यात ते वाक्य सुरू झालं, आणि पहिल्यांदाच मला ऐकू आलं की तो आवाज माझा नाही, ताईचा आहे. समोर बसून ती मटार सोलत होती आणि आत बसूनही तीच बोलत होती. मी तिथूनच मुलाच्या आईला फोन लावला. म्हटलं, "सुपारी थोडी पुढं ढकलू या. मला माझ्या मुलीशी बोलायचंय."

"तुमच्या ताई तर हो म्हणाल्या होत्या," त्या म्हणाल्या.

"मुलगी अजून म्हणाली नाहीये."

"काही कारण?"

"कारण मला नीट सांगता येत नाही."

मी निघाले तेव्हा ताई दारापर्यंत आली नाही.

घरी येऊन मुलीला समोर बसवलं. म्हटलं, मला तो पसंत नाही, पण माझं चुकत असेल, तू मावशीचं आणि माझं दोघींचं बाजूला ठेव आणि सांग. ती म्हणाली, "आई, तो मला बोलूच देत नव्हता गं." आणि एकदा सुरू झाली ती स्वयंपाक होईपर्यंत थांबली नाही. मुलाच्या घरून निरोप आला की ते थांबणार नाहीत. चांगलं स्थळ गेलं असेलही. मला त्याची खात्री नाही, पण पोटातला गोळा गेला एवढी खात्री आहे.

ताईचा फोन नाही. आत्या येऊन सांगून गेली, "थोरली म्हणती, धाकटीला शिंगं फुटली."

"फुटू दे," मी म्हटलं. आत्या गेल्यावर मात्र दार लावून मी बराच वेळ रडले. शाळेसाठी नाही. माझी ताई गेली म्हणून.