आतली कडी

अक्का कुणालाही 'बघू' म्हणत नसत. 'व्हय' नाहीतर 'न्हाय', आणि बहुतेक वेळा 'न्हाय'च. सरपंचांनी वसतिगृहाच्या अंगणात सभेचा मांडव घालू का विचारलं, न्हाय. पोरांच्या पंगतीत उभं राहून फोटो काढायला कुणी पुढारी आला, न्हाय. लोहाऱ्याच्या स्टँडवर जीपवाला पुढच्या सीटवर आणखी एक माणूस कोंबायला लागला की त्यालाही न्हाय, आणि तो मुकाट्यानं त्या माणसाला मागं बसवायचा. अंगानं बेताच्या, केस घट्ट बांधलेले, पदर खोचलेला. त्यांच्यापुढं काही मागायचं असलं की मी वाक्य आधी मनात दोनदा म्हणून बघायची.

त्या अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. दसरा सरला की आमच्या भागातली माणसं ऊसतोडीला कारखान्यांकडं निघतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, गोधड्या, शेळी आणि त्यांच्या मधोमध पोरं. शाळा सुटते ती सुटतेच. अक्कांनी ही पोरं ट्रॉलीतून उतरवून घ्यायला सुरुवात केली. आधी शेजारणीची दोन ठेवली, मग वाढत गेली. भूकंपानंतर बांधून मिळालेलं त्यांचं दोन खोल्यांचं घर पुरेना, तेव्हा पलीकडचं बंद घर मागून घेतलं आणि दोन्ही मिळून वसतिगृह झालं. धान्य गावोगाव फिरून आणायच्या. कुणीतरी म्हणालं म्हणून संस्था नोंदवली, पण तिची सभा अशी कधी झालीच नव्हती. "संस्था म्हंजे काय, म्या आन चूल," असं त्या सरळ सांगायच्या.

मी तिथं गेले ती पुण्याच्या एका मोठ्या संस्थेच्या पैशावर. गावपातळीवरच्या छोट्या संस्था आपल्या पायावर उभ्या राहाव्यात म्हणून ते निधी देत. त्यातून धान्य घ्यायचं नाही, गाद्या घ्यायच्या नाहीत. एका कार्यकर्तीचा पगार, प्रशिक्षण आणि नीट चालणारी कार्यकारिणी, एवढ्यासाठीच तो होता. पुण्याच्या मॅडम हे समजावत होत्या आणि अक्का दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होत्या.

"भात शिजवायला पैसं न्हाईत, आन मीटिंगला हाईत?" अक्का म्हणाल्या.

मॅडम रागावल्या नाहीत. त्या दिवशी तिथंच राहिल्या, पोरांबरोबर पंगतीला बसल्या. जेवण झाल्यावर त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "अक्का, तुमच्यामागं या पोरांचं काय?" अक्का ताटं उचलून मोरीकडं गेल्या. सकाळी मॅडमची गाडी सुरू झाली तेव्हा मात्र खिडकीशी येऊन म्हणाल्या, "पाठवा पोरगी. पन कामाची पायजे."

ती पोरगी म्हणजे मी. धाराशिवची, समाजकार्याची पदवी नुकतीच घेतलेली आणि पहिली नोकरी. पहिल्या प्रशिक्षणाला आम्ही दोघी धाराशिवला गेलो. फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'क्षमता बांधणी' लिहिलेलं होतं. अक्का पिशवी मांडीवर घेऊन मागच्या रांगेत बसल्या होत्या. माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "क्षमता बांधायची कशानं? दाव्यानं?" मला हसू आवरेना. पण परतीच्या बसमध्ये त्यांनी तिथं झालेलं सगळं मला विचारून घेतलं, आणि जे पटलं नाही त्याला जागच्या जागी न्हाय म्हणून टाकलं.

कार्यकारिणीत मुलांच्या आया हव्यात, ही निधीची अट होती. ती मात्र अक्कांनी मनावर घेतली. स्वतः घरोघर फिरल्या. सुमन त्यातलीच, लग्न झाल्यापासून दर हंगामाला नवऱ्याबरोबर ऊस तोडणारी. पहिल्या बैठकीला ती दाराशी चपलांजवळ बसली. अक्का म्हणाल्या, "हितं म्होरं ये. चपला राखाय बोलावलं न्हाय तुला." सुमन उठून सतरंजीवर आली. त्या वर्षी बैठकांत ती फारशी बोलली नाही. ऐकत असायची.

बोलली ती दुसऱ्या वर्षी, हंगामाच्या आधीच्या बैठकीत. अक्कांचा एक नियम होता, मुलगी मोठी झाली की वसतिगृहात ठेवायची नाही. सातवीच्या पुढची एकही नको. सुमन म्हणाली, "अक्का, यंदा मोठ्या पोरी बी ठिवा."

"न्हाय."

एरवी इथं विषय संपायचा. सुमन थांबली नाही. "तुमी ठिवलं न्हाय तर ती आमच्यासंगं ऊस तोडाय कोयत्यावर येती. पालात कोन राखनार तिला? मुकादमाला जोडपं पायजे असतंय. मंग आमी लगीन लावतो. माझं असंच लावलं. माझ्या रेणूचं बी लागंल."

मग अक्कांनी जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. "म्या ठिवली होती एक. लई वर्सं झाली. हुशार पोरगी. एका ट्रॅक्टरवाल्यासंगं निघून गेली. बाप आला. वाटलं शिव्या देईल, हात उचलंल. कायच बोलला न्हाय. ह्या अंगणात हुबा ऱ्हायला आन गेला. पुन्यांदा तसं हुबं ऱ्हायलेलं मला बघवनार न्हाय."

सुमन जमिनीकडं बघत हळू आवाजात म्हणाली, "अक्का, ती तुमच्यापासली एक गेली. आमच्या तर दरसाल जात्यात."

प्रशिक्षणात शिकवलं होतं की दोन मतं पडली की हात वर करायचे. मीच तसं सुचवलं. एकेक करत हात वर गेले. अक्कांच्या सख्ख्या जाऊबाईंनीही, त्यांच्याकडं न बघता, हात वर केला. अक्का सोडून सगळे. ज्या बायकांना त्यांनी हाताला धरून आणून बसवलं, त्यांनीच त्यांचा नियम मोडला होता. त्या उठल्या, चपला घातल्या आणि लोहाऱ्यात भावाची रिकामी खोली होती, तिकडं निघून गेल्या.

तीन-चार दिवस त्या आल्याच नाहीत. निरोप पाठवला तर दार उघडलं नाही. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "थांबा. त्यांच्या दारात जाऊन रडू नका." वसतिगृह उघडायची तयारी सुमन आणि जाऊबाई करत होत्या. चुना लावला, चूल सारवली, पण कुणाचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. मला वाटत होतं, संस्था बळकट करायच्या नादात आम्ही ती मोडली.

पाचव्या दिवशी सकाळी जीप येऊन थांबली. अक्का उतरल्या, काखेत वळकटी. मागून लोहाऱ्याचा सुतार, हत्यारांची पिशवी घेऊन. माझ्याशी न बोलता त्या पलीकडच्या घरातल्या खोलीत शिरल्या. त्या खोलीला बाहेरून कडी होती. सुताराला म्हणाल्या, "ही काढ. आतून बशीव."

सुतार म्हणाला, "अक्का, पोरीच्या खोलीला बाहीरून नको व्हय?"

"कोंडायला आनल्यात का त्यास्नी? कडी आतून. लावायची त्यांनी, काढायची त्यांनी." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "ठरलंय न्हवं? मंग नीट करा सगळं. अर्धंमुर्धं नको."

वळकटी त्यांनी त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर टाकली. तो हंगामभर त्या तिथंच झोपल्या. थंडीत खोकायच्या. आत या म्हणून मुली विनवायच्या, त्या जायच्या नाहीत.

माघात एक बाप आला. कारखान्यावरून थेट, अंगावर उसाची कुसळं. मुलीसाठी स्थळ आलं होतं, तिला घेऊन जायचं म्हणाला. "पोरगी माझी हाय."

"व्हय, तुमचीच हाय," अक्का म्हणाल्या. "परीक्षा झाली की या. तवर न्हाय."

तो अंगणात उभा राहिला. ओरडला नाही, हलला नाही. अक्कांचा चेहरा उतरलेला मला दिसला. त्या आत गेल्या, ताट वाढून आणलं, त्याच्यापुढं ठेवलं आणि समोर जमिनीवर बसल्या. त्यानं जेवायला सुरुवात करेपर्यंत बसून राहिल्या. मग मुलीला हाक मारून म्हणाल्या, "बापाला पानी दे, आन साळंत काय चाललंय ते सांग." बापलेक तासभर बोलत होते. तो एकटाच परत गेला. मुलीनं त्या वर्षीची परीक्षा दिली आणि पुढं दहावीही, तशीच रेणूनंही.

निधीची मुदत संपली. नव्या निवडणुकीत अक्कांनी अध्यक्षपद सोडलं आणि सुमनचं नाव स्वतः सुचवलं. सुमन ऊसतोडीला जायची थांबली. मी पुढं नोकरीनिमित्त सोलापूरला आले. अक्कांची छाती त्यानंतर धड राहिली नाही. सोलापूरच्याच दवाखान्यात त्यांना ठेवलं होतं, म्हणून मला रोज जाता आलं. अक्का गेल्या, तेव्हा हंगाम भरात होता. बहुतेक आयाबाप फडात होते, येऊ शकले नाहीत. मुलांना घेऊन सुमन आली होती.

त्याच्या आदल्या आठवड्यातली दुपार मला आठवते. सुमनचा फोन येऊन गेला होता आणि अक्कांनी विचारलं, "यंदा कोनकोन हाय?" मी सुमननं सांगितलेली नावं एकेक सांगत गेले. प्रत्येक नावाला त्या मान हलवत होत्या. कुणाचा भाऊ, कुणाची पुतणी, कुणाच्या आजीनं पिठलं दिलं होतं, सगळं त्यांना ठाऊक होतं. मग मी एक नाव घेतलं आणि त्या थांबल्या.

"ही कुनाची?"

"तुम्ही ओळखत नाही तिला, अक्का. लांबच्या गावची आहे. यंदाच आली."

त्यांनी ते नाव पुटपुटून पाहिलं. खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं.

"म्या वळखत न्हाय," त्या म्हणाल्या. "तरी बी आली. बरं झालं."

आणि मला पुढची नावं सांगायला लावली.